निफाडला मोजायचं, मग लाहौलला झोपायचं: गोठत्या थंडीतला ट्रेलर-कॅरव्हॅन

नाशिककरांना थंडी नवी नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी दरवर्षी येते, काही वर्षी तो दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो, आणि बागाईतदार पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. त्यामुळे गाडीमागे ओढायचं चाकावरचं घर, म्हणजे ट्रेलर-कॅरव्हॅन, घेऊन हिमाचलमधल्या लाहौलला निघणाऱ्याला वाटतं, निफाडला दोन अंश तर तिकडे उणे दहा, बाराच अंशांचा काय तो फरक. एक रजई जास्त घेऊ.

पण मध्ये शून्य आहे. शून्याच्या वर थंडी फक्त माणसाला लागते. शून्याच्या खाली ती पाइपाला, पंपाला, बॅटरीला, सिलिंडरला आणि डिझेललाही लागते. रजई त्यांच्या कामाची नाही.

नाशिकमध्ये शून्याखालची रात्र मिळत नाही, तरी ट्रेलर त्या रात्रीसाठी तयार आहे का, हे इथेच कळू शकतं. ट्रेलरमधून बाहेर जाणारी उष्णता आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात जाते. म्हणजे निफाडला बाहेर ५ अंश असताना हीटर पूर्ण चालवून आत २२ अंश टिकले, तर तुमच्या ट्रेलरची ताकद १७ अंशांची आहे. उणे १० मध्ये तोच ट्रेलर आत ७ अंश देईल. हेच गणित पलंगाखालच्या पाइपालाही लागू पडतं. तिथे ९ अंश भरले, तर फरक फक्त चारचा. उणे १० मध्ये तिथे उणे ६ होणार आणि पाइप गोठणार. हे आकडे हातात आले की कुठे पैसा घालायचा आणि कुठे नाही, ते आपोआप ठरतं. बहुतेक जण आधी हीटर विकत घेतात. हीटर फटी बुजवून आणि आवरण घालून झाल्यावर घ्यायचा असतो.

पहिलं काम: फटी शोधा, मग आवरण घाला

वारा असेल अशा दिवशी ट्रेलर मोकळ्यावर उभा करा, सगळं बंद करा आणि आत एक उदबत्ती लावून ती प्रत्येक सांध्याजवळून हळूहळू फिरवा. दाराची खालची कड, चाकावरची कमान, तळातून वायरी आत येतात ती भोकं, खिडकीचं बीडिंग, कपाटाच्या मागची बाजू, सगळीकडे. धूर जिथे आडवा वाकतो तिथे खडूने खूण करा. साध्या ट्रेलरमध्ये अशा दहा-पंधरा खुणा सहज होतात. बाहेरून भरायला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट वापरा; आंबट वासाचं स्वस्त सिलिकॉन पत्र्याला गंज आणतं. वायरींच्या भोकांना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) बसवून वर सीलंट, आणि दाराला नवं रबर बीडिंग. बंद दारात कागदाचा कपटा अडकवून ओढून पाहा. तो सहज सुटून आला तर बीडिंग दाबत नाही.

आवरणासाठी दोन गोष्टी नाशिकमध्ये सहज मिळतात. एक, २५ मिलिमीटरची एक्सपीएस, म्हणजे कडक फोमची शीट. दुसरी, एसीच्या डक्टवर लावतात ती काळी नायट्राइल रबर फोम, १९ किंवा २५ मिलिमीटरची, मागे गोंद असलेली. अंबड-सातपूरमध्ये डक्टिंगची कामं करणाऱ्यांकडे तिचे उरलेले तुकडेही मिळतात. सपाट भिंतीला एक्सपीएस, वाकड्यातिकड्या जागी नायट्राइल. थर्मोकोल स्वस्त आहे, पण रस्त्यावरच्या हादऱ्यांनी त्याचा चुरा होतो आणि तो भडकतोही लवकर. कुठलंही आवरण उघडं ठेवू नका, वर ४ मिलिमीटरचा प्लाय हवाच.

आवरणाने किती फरक पडतो, ते एकदा आकड्यांत पाहून घ्या. साडेचार मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच ट्रेलरच्या भिंती, छत आणि तळ मिळून ४४ चौरस मीटर होतात. नुसता पत्रा आणि प्लाय असेल तर आत १५ आणि बाहेर उणे १० ठेवायला साधारण चार किलोवॅट उष्णता लागते. सगळीकडे २५ मिलिमीटर एक्सपीएस आणि खिडक्यांना आवरण असेल तर दीड ते पावणेदोन किलोवॅटमध्ये भागतं. बाजारात सहज मिळणारा लहान डिझेल हीटर दोन किलोवॅटचा असतो. म्हणजे आवरण घातलं तर तो पुरतो, नाही घातलं तर रात्रभर पूर्ण ताकदीने धापा टाकूनही तुम्ही काकडत राहता.

लोखंडी पट्ट्या आणि रिब विसरू नका. दोन शीटच्या मधली उघडी लोखंडी पट्टी बाहेरचा गारठा थेट आत आणते. सकाळी भिंतीवर ओल्या उभ्या रेषा दिसल्या, तर त्या याच पट्ट्यांच्या. त्यांच्यावर सहा ते दहा मिलिमीटरची पातळ फोम पट्टी चिकटवा.

खिडक्यांसाठी चकाकणारी बबल फॉइल चौकटीपेक्षा सेंटिमीटरभर मोठी कापून दाबून बसवा. सक्शन कप थंडीत निसटतात, त्यापेक्षा वेल्क्रो बरा. तळाला १२ मिलिमीटर एक्सपीएस, वर प्लाय, वर जाड सतरंजी. आणि दाराच्या आतल्या बाजूला घोंगडी टांगा. दार उघडताना आतली सगळी ऊब एका दमात निघून जाते. लोकरीच्या घोंगडीचा पडदा ती बरीचशी अडवतो आणि थोडा दमट झाला तरी उबदार राहतो.

ओल हा थंडीपेक्षा मोठा शत्रू

चार माणसं बंद जागेत झोपली की श्वासातून आणि अंगातून रात्रीत एक लिटरच्या पुढे वाफ बाहेर पडते. एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. म्हणजे संध्याकाळचा स्वयंपाक करताना दीडशे ग्रॅम गॅस जाळला तर पाव लिटर पाणी नुसत्या ज्योतीतूनच आलं, भात-आमटीची वाफ वेगळी. हे पाणी सगळ्यात गार पृष्ठभाग शोधतं. आत १८ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर १० अंशांच्या खाली असलेल्या प्रत्येक गोष्टीवर पाणी जमतं. काच, पट्ट्या, कपाटाची मागची बाजू आणि गादीची खालची बाजू.

गादीच्या खालची ओल कोणी बघत नाही. अंगाची वाफ गादीतून खाली उतरते, गार प्लायवर जमते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्लाय काळा पडायला लागतो. त्यासाठी गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी करा, मध्ये किमान दोन-तीन सेंटिमीटर हवा खेळली पाहिजे. रोज सकाळी गादी उभी करून ठेवा.

गोधडी आपल्या घरची, मायेची. नाशिकच्या थंडीत ती पुरतेही. पण सुती गोधडी भिंतीला टेकली की रात्रभर ओल पिते आणि पहाटे बर्फासारखी गार लागते. ती अंगावर, लोकर किंवा स्लीपिंग बॅगच्या वर घ्या. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.

ओलीवर खरा उपाय हवेचा, आणि तोच लोकांना पटत नाही. छतावरची खिडकी दोन बोटं उघडी आणि खाली दाराजवळ तळहाताएवढी जाळीची झडप कायम उघडी. थोडी ऊब जाते, हे खरं. पण बाहेरची गोठती हवा गरम झाली की अतिशय कोरडी होते, ती आतली ओल शोषून घेऊन वरून निघून जाते. स्वयंपाक झाकण ठेवूनच करा, तेवढा वेळ छताची खिडकी पूर्ण उघडा आणि ओले कपडे आत वाळत घालू नका. साधा डिजिटल आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो. आकडा ६० च्या वर गेला की खिडकी आणखी एक बोट उघडायची.

पाणी

पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. यूपीव्हीसीचा एल्बो, पंपाचं डोकं, गीझरची टाकी, नळाच्या आतलं कार्ट्रिज, सगळं यातच फुटतं. गंमत अशी की फुटलेलं रात्री कळत नाही, कारण बर्फ स्वतःच बूच होऊन बसतो. दुपारी ऊन पडलं, बर्फ वितळला की ट्रेलरमध्ये धार लागते.

टाकी बाहेर तळाला टांगलेली असेल तर हिवाळ्यात ती रिकामीच ठेवा. पाण्याची ६० लिटरपर्यंतची टाकी आत, पलंगाखाली, चाकांच्या धुरीच्या जवळ हवी. हीटरच्या गरम हवेचा एक फाटा तिच्या खणात सोडा. पाइप पेक्सचे, म्हणजे लवचिक प्लास्टिकचे घाला, ते थोडं फुगणं सोसतात. यूपीव्हीसी थंडीत काचेसारखं ठिसूळ होतं. पाइप बाहेरच्या भिंतीला चिकटवून नेऊ नका आणि संपूर्ण लाइनला एका टोकाकडे मीटरमागे एक सेंटिमीटर उतार द्या. सगळ्यात खालच्या टोकाला बॉल व्हॉल्व्ह बसवा. एवढं केलं की रात्री लाइन रिकामी करायला दोन मिनिटं लागतात. पंप बंद, खालचा व्हॉल्व्ह उघडा, सगळे नळ उघडे, मिक्सर नळाची दांडी मधोमध, मग पंप दहा-पंधरा सेकंद कोरडा चालवून त्याच्या पडद्यातलं पाणी काढा. मिक्सरची दांडी एका बाजूला राहिली तर दुसऱ्या बाजूचं पाणी आत अडकतं आणि नेमकं तेच फुटतं.

बेसिनखालच्या वाकड्या पाइपात पाणी राहतंच. तिथे निम्मं पाणी आणि निम्मं प्रॉपिलीन ग्लायकॉल असं एक कपभर मिश्रण ओता. हे मिश्रण उणे ३० पर्यंत गोठत नाही. फूड ग्रेडचंच घ्या. इंजिनचं कूलंट बहुधा एथिलीन ग्लायकॉलचं असतं आणि ते विषारी आहे. ते पाण्याच्या कुठल्याही लाइनमध्ये घालू नका.

सांडपाण्याची टाकी बाहेर असेल तर अनेक जण तिचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून खाली बादली लावतात. ही चूक आहे. थेंब थेंब पाणी पाइपाच्या तोंडाशी गोठत जातं आणि सकाळपर्यंत पूर्ण पाइप बर्फाने बंद होतो. बेसिनखाली आतच वीस लिटरची झाकणाची बादली ठेवा, रोज सकाळी जिथे मुक्काम आहे तिथल्या ड्रेनेजमध्ये ओता. बर्फात किंवा नदीकाठी ओतू नका. ते पाणी उन्हाळ्यात कुणाच्या तरी पिण्यात येतं.

शौचालयासाठी कोरडा प्रकार सगळ्यात निर्धोक: झाकणाची बादली, आत जाड पिशवी, प्रत्येक वेळी मूठभर लाकडाचा भुसा. भुसा कुठल्याही सुताराकडे मागितला की मिळतो. कॅसेट (खालची टाकी काढून रिकामी करता येते असं शौचालय) वापरत असाल तर ती पाऊण भरण्याआधी रिकामी करा आणि फ्लशच्या पाण्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल मिसळा.

पिण्याच्या पाण्याची बाटली उलटी ठेवून झोपा. बर्फ वरून धरतो. बाटली उलटी असली की तो बुडाशी जमतो आणि सकाळी झाकण उघडतं. वीस लिटरचे कॅनही काठोकाठ भरू नका, सोळा-सतरा लिटरवर थांबा.

ऊब, आणि ज्याने जीव जातो ते

कोळशाची शेगडी, सिगडी, निखाऱ्यांची पाटी, उघड्या ज्योतीचा गॅस हीटर, यातलं काहीही ट्रेलरमध्ये पेटवून झोपायचं नाही. थोडा वेळ नाही, खिडकी उघडी ठेवूनही नाही. दर हिवाळ्यात उत्तरेकडे बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो.

डोंगरात याला आणखी एक वळण आहे. मोनॉक्साइडची सुरुवात डोकेदुखी, मळमळ आणि सुस्तीने होते. तीन हजार मीटरवर विरळ हवेची लक्षणंही हीच. म्हणून माणूस म्हणतो, उंचीचा त्रास होतोय, झोपलो की बरं वाटेल. एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखायला लागलं, तर आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं, हीटर बंद करायचा, दारं उघडायची. कारण नंतर शोधू. मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्याच्या उंचीवर लावा, गॅसगळतीचा अलार्म जमिनीपासून वीतभर वर, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. दोन्हींचं टेस्ट बटण रोज संध्याकाळी दाबा.

योग्य साधन म्हणजे ज्याची ज्वलनाची हवा बाहेरून येते आणि धूर बाहेर जातो असा डिझेल पार्किंग हीटर. दोन किलोवॅटचा हीटर ताशी ०.१ ते ०.२५ लिटर डिझेल घेतो, म्हणजे रात्रीला साधारण दोन लिटर धरा. बसवताना धुराचा पाइप दार, खिडकी आणि तळाच्या झडपेपासून लांब, शक्यतो ट्रेलरच्या दुसऱ्या बाजूला काढा. तळाखालून सुटणारा वारा अडवायला लोक भोवती ताडपत्री लावतात किंवा बर्फ रचतात. कल्पना चांगली, पण धुराचं तोंड त्या ताडपत्रीच्या बाहेर हवं. नाहीतर धूर तळाखाली साचून उदबत्तीने न सापडलेल्या फटीतून वर येतो. रात्री बर्फ पडलं तर दर दोन-तीन तासांनी उठून धुराचं तोंड मोकळं आहे का ते पाहा.

हे हीटर मंद आचेवर तासन्‌तास चालवले की आत काजळी धरते. विरळ हवेत हे जास्त होतं, कारण डिझेल तेवढंच आणि ऑक्सिजन कमी. दीड हजार मीटरच्या वर जाणार असाल तर उंचीनुसार डिझेल कमी करणारं मॉडेल घ्या. रोज बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं पूर्ण ताकदीवर चालवा. पांढरा धूर आणि दोन-तीनदा प्रयत्न करून सुरू होणं, ही काजळीची पहिली खूण आहे.

गॅस आणि बॅटरी

आपल्याकडच्या एलपीजीत ब्युटेन बरंच असतं, आणि ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायू होतच नाही. सिलिंडर हलवला तर खळखळतो, पण शेगडीवर ज्योत मिणमिणते. प्रोपेन उणे ४२ पर्यंत वायू देतं, त्यामुळे सिलिंडरमधलं प्रोपेन आधी जळून जातं आणि मागे राहतं ते थंडीत झोपलेलं ब्युटेन. अर्धा सिलिंडर शिल्लक असताना गॅस संपल्यासारखा वाटतो तो यामुळे. पाच किलोचा छोटा सिलिंडर बाहेरच्या, खाली जाळी असलेल्या आणि आतून पूर्ण बंद खणात ठेवा, भोवती नायट्राइल गुंडाळा, फार गारठला तर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं टाका. ज्योत, उकळतं पाणी किंवा हीटरची नळी सिलिंडरवर कधीही नाही. प्रवासात रेग्युलेटर काढून ठेवा.

तीन हजार मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं. डाळ पातेल्यात शिजत नाही, कुकर हवाच. बाजरीची भाकरी, शेंगोळे, डिंकाचे लाडू हे सगळं घरून तयार नेलं तर गॅसही वाचतो आणि आतली वाफही.

बॅटरीचं गणित आधी कागदावर करा. डिझेल हीटर सुरू होताना काही मिनिटं आठ-दहा अँपिअर घेतो, नंतर दीड-दोनवर येतो. रात्रीला १५ ते २० अँपिअर-तास. दिवे, मोबाइल, पंप आणि पंखा धरून ३५ ते ४०. आता १०० अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी घेतली, तर तिच्यातलं निम्मंच वापरायचं असतं, आणि उणे १० मध्ये ती सत्तर टक्क्यांवर येते. हाती उरतात ३५. म्हणजे एकच रात्र, तीही काठावर. शिवाय पूर्ण उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी उणे दहाच्या आतबाहेर स्वतःच गोठून फुगते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी यापेक्षा बरी, मात्र तिला शून्याखाली चार्ज केलं की ती कायमची खराब होते. तिला माणसांबरोबर आत, पलंगाखाली ठेवा आणि थंडीत चार्जिंग आपोआप थांबवणारा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) असलेलीच घ्या. सकाळी सोलरचं ऊन पडतं तेव्हा बॅटरी सगळ्यात गार असते, हे लक्षात असू द्या.

निफाडच्या दोन रात्री

आता चाचणी. जानेवारीतला निरभ्र, वारा पडलेला आठवडा निवडा. द्राक्षबागेच्या कडेला मोकळं शेत चांगलं, शेतमालकाची परवानगी घेऊन. बाग काढणीला आलेली असते, फवारण्या सुरू असतात. औषधाच्या वाऱ्याखाली ट्रेलर लावू नका. तिथली वीज वापरू नका, कारण तिकडे पुढे ती मिळेलच असं नाही.

पाच थर्मामीटर लागतील: बाहेर सावलीत, डोक्याच्या उंचीवर, जमिनीवर, पलंगाखाली पाइपापाशी आणि बॅटरीच्या खणात. रात्री दहा, दोन, पहाटे पाच आणि सात वाजता सगळे आकडे आणि आर्द्रता वहीत उतरवा. पहिली रात्र हीटर मध्यम, दुसरी पूर्ण. प्रत्येक ठिकाणाच्या आकड्यातून बाहेरचा आकडा वजा केला की त्या जागेची ताकद कळते. उंचीवर हीटरची ताकद थोडी कमी होते, म्हणून त्यातून पाचवा हिस्सा वजा करा. डोक्याशी १७ आले तर १४ धरा. उणे १० मध्ये आत ४ अंश. झोपता येतं, पण सुखाने नाही. पाइपापाशी किमान १५ चा फरक मिळत नाही तोवर तिथे गरम हवेचा फाटा मोठा करा, किंवा तिकडे नळ वापरायचेच नाहीत, कॅनवर भागवायचं असं ठरवा. असं ठरवण्यात कमीपणा नाही. उणे १५ च्या रात्री बहुतेक अनुभवी लोक हेच करतात.

बाहेर आठ अंशांपेक्षा जास्त असेल किंवा ढग असतील तर ती रात्र मोजणीला धरू नका.

रस्ता आणि डिझेल

नाशिकहून धुळे, इंदूर, आग्रा, दिल्ली करत मनाली साधारण पावणेदोन हजार किलोमीटर. ट्रेलर मागे असताना दिवसाला चारशेच्या वर जाऊ नका. ट्रेलरला स्वतःची आरटीओ नोंदणी, नंबर प्लेट आणि विमा हवा. पाण्याची टाकी रिकामी ठेवून निघा. हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो त्या सांध्यावर, ट्रेलरच्या वजनाच्या सात ते दहा टक्के भार यावा. कमी असेल तर घाटउतारावर ट्रेलर शेपटी हलवतो.

साध्या डिझेलमधलं मेण थंडीत गोठतं आणि फिल्टर बंद पडतो. भारतीय मानकात डिझेलचा प्रवाहबिंदू (ज्याच्या खाली ते वाहायचं थांबतं ते तापमान) उन्हाळ्यासाठी १५ अंशांपर्यंत आणि हिवाळ्यासाठी ३ अंशांपर्यंत चालतो. लडाखसाठी २०१९ मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं. ते मिळतं त्या भागात तेच भरा. आपल्या भागातलं डिझेल टाकीत घेऊन वर चढू नका. मंडी-कुल्लूपर्यंत टाकी तळाला आणून तिथे भरा, आणि गोठणरोधक मिश्रण डिझेल कोमट असतानाच घाला. मेण धरल्यावर घालून उपयोग नाही. बीएस-६ गाडीच्या टाकीत रॉकेल मिसळू नका. टाकीखाली जाळ करणारे दिसतील, त्यांचं अनुकरण नको. गाडीला डीईएफ (धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) लागत असेल तर ते उणे ११ ला गोठतं, त्याचा जादा कॅन ट्रेलरमध्ये आत ठेवा.

टायरची हवा नाशिकला दुपारी ३५ पीएसआय भरली असेल, तर उणे आठमध्ये गारठ्याने पाच-सहा कमी होते. उंचीवर बाहेरचा दाब कमी असल्याने गेजवर तीन-साडेतीन परत वाढतात. म्हणून वर पोहोचल्यावर सकाळी, चाक फिरण्याआधी मोजा आणि मगच भरा.

रात्री हँडब्रेक ओढू नका; ओले ब्रेक ड्रमला गोठून बसतात. गाडी गिअरमध्ये आणि ट्रेलरच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी, म्हणजे अडसर. टेकूखाली फळ्या ठेवा, नाहीतर दुपारी वितळलेल्या चिखलात ते रुततात आणि रात्री तिथेच गोठतात.

मनालीच्या पुढे ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ओलांडला की लाहौल. बर्फ पडलं की सोलंगपासून पुढे पोलीस फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडतात. रस्ता बर्फाचा असेल तर ट्रेलर मनालीच्या बाजूलाच ठेवा. रस्त्यावरच्या न दिसणाऱ्या पातळ बर्फावर ब्रेक दाबला की गाडी थांबते आणि ट्रेलर तिला ढकलत बाजूने पुढे येतो. साखळ्याही तेव्हा फारशा वाचवत नाहीत. मुक्काम गावातल्या होमस्टेच्या अंगणात विचारून करा. झाडं नसलेल्या उघड्या उताराखाली कधीही नको, हिमस्खलनाची वाट तीच असते. दाराची बाजू वाऱ्याच्या आड आणि सोलर पॅनेल दक्षिणेला.

परत आल्यावर

नाशिकला पोहोचलात की ट्रेलर लगेच झाकून ठेवू नका. दोन-तीन दिवस दुपारी सगळी दारं, खिडक्या, कपाटं आणि पलंगाखालचे खण उघडून ठेवा, गाद्या उन्हात. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळाचा आणि खिडक्यांखालचा प्लाय ठोकत जा. कोरडा प्लाय टणक वाजतो, ओल धरलेला भदभद. जिथे भदभद वाजेल तिथे प्लाय उचकटून आतली एक्सपीएस वाळवा. टाकीत पाणी भरून पंप चालू करा आणि पंधरा मिनिटं कुठलाही नळ न उघडता ऐका. पंप मधेच गुरगुरला तर लाइनमध्ये कुठेतरी केसाएवढी चीर आहे. सगळे सांधे कोरड्या टिश्यूने पुसत गेलात की ती सापडते.